शंभर टक्के

वडगाट्याच्या चढावर प्रणिता गेडामची गाडी बंद पडली, तेव्हा गाडीच्या पडद्यावर बॅटरी अडतीस टक्के दिसत होती.

तिने बटण दाबलं. पडदा उजळला, अडतीसचा आकडा आला. तिने मूठ पिळली आणि पडदा विझला. असं तीनदा झालं. सकाळचे साडेदहा वाजले होते, २०३७ सालचा मे महिना होता आणि पारा त्रेचाळीसवर गेला होता. गाव अजून पाच किलोमीटर दूर होतं. गाडीच्या मागच्या शीतपेटीत रक्तस्राव थांबवण्याची दोन इंजेक्शनं होती. ज्या बाईसाठी ती न्यायची होती, ती रोशनी आत्राम तासाभरापूर्वी घरातच बाळंत झाली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. रुग्णवाहिका तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. यायला दोन तास लागणार होते.

प्रणिताने शीतपेटी उतरवली, खांद्याला लावली आणि ती पळत सुटली.

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला त्या उन्हात चढावर पाच किलोमीटर पळता येत नाही. ती पळाली, चालली, पुन्हा पळाली. मध्ये एकही वाहन भेटलं नाही. पोचली तेव्हा अंगणात बायका गप्प बसल्या होत्या. रोशनीला जाऊन वीस मिनिटं झाली होती. मूल रडत होतं.

रोशनीची आई शेवंताबाई दारात उभी होती. तिने प्रणिताकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरच्या पेटीकडे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "बॅटरी भरून नव्हती काय, बाई?"

बॅटरी भरलेलीच होती. सकाळी सहा वाजता ती केंद्रावरून निघाली तेव्हा पडद्यावर शंभर टक्के होते. रोजच असत.

*

प्रणिता 'धावती शुश्रूषा' नावाच्या संस्थेत परिचारिका होती. घोटनूरच्या केंद्रावर अशा बारा जणी होत्या. प्रत्येकीला एक विजेवरची दुचाकी आणि पंधरा-वीस पाडे वाटून दिलेले. दोन वर्षांपूर्वी शतज्योत नावाच्या कंपनीने गाड्या पुरवल्या, त्यांच्याबरोबर केंद्राच्या आवारात बॅटऱ्या भरण्याचं एक मोठं कपाटही उभं केलं. पत्र्याच्या शेडखाली, छतावर सौरपट्ट्या. दुपारी एकच्या सुमाराला बायका फेरी संपवून येत, बॅटरी काढून कपाटाच्या खणात ठेवत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काढून घेत.

रोशनीच्या मृत्यूनंतर आठव्या दिवशी प्रणिताला नोटीस आली. सोबत कंपनीचा दोन पानी अहवाल जोडला होता.

शतज्योतच्या प्रत्येक बॅटरीत 'साक्षी' नावाची नखाएवढी एक चीप असते. बॅटरी किती भरली आहे आणि किती तापली आहे, याची नोंद ती दर मिनिटाला करते. ही नोंद खोडता येत नाही. बॅटरी जळाली तरी चीप शाबूत राहते. आधी विमा कंपन्या आणि मग न्यायालयंही तिच्यावर विश्वास ठेवू लागली होती. माणसं खोटं बोलतात, साक्षी बोलत नाही, असं शतज्योतच्या जाहिरातीत असे.

प्रणिताच्या बॅटरीची साक्ष अशी होती: गेले दोन उन्हाळे ही बॅटरी रोज सरासरी सात तास पंचाण्णव टक्क्यांहून जास्त भरलेल्या अवस्थेत आणि चाळीस अंशांहून जास्त तापमानात ठेवण्यात आली. त्यामुळे ती अकाली निकामी झाली. खाली एक रकाना होता, 'जबाबदार घटक'. त्यात लिहिलं होतं: वापरकर्ता. पुढे कंसात तिचं नाव.

त्याखाली सही होती निखिलेश गेडाम यांची. मुख्य अभियंता, साक्षी प्रकल्प. निखिलेश तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

*

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी तो पुण्याहून आला. हॉटेलात उतरायचं सोडून तिच्याच घरी आला, यातच त्याला आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटत असावं. प्रणिताने त्याला पाणी दिलं आणि अहवाल त्याच्यासमोर टाकला.

"ही सही तुझी आहे न?"

"ताई, सही आपोआप पडते. महिन्याला चारशे अहवाल निघतात. मी नाव पाहिलं तेव्हा..."

"तेव्हा काय केलं?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"काय केलं ते विचारून राहिली मी, निखिल."

"मी वकिलांशी बोललो. तू चूक मान्य केलीस तर प्रकरण पोलिसांत जाणार नाही. फक्त तुझी नोंदणी दोन वर्षं स्थगित..."

"बॅटरी भरून उन्हात ठेवू नये हे मला कोणी शिकवलं?" प्रणिताचा आवाज चढला. "कोणी शिकवलं? सांग न!"

तो शिकवणारा तोच होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आला, तेव्हा ताईच्या पहिल्या विजेच्या स्कूटरपुढे बसून त्याने तिला सगळं समजावलं होतं. बॅटरीत दोन खोल्या असतात असं समज, ताई. लिथियमचे कण गाडी चालताना एका खोलीतून दुसरीत जातात आणि चार्जिंग करताना परत येतात. शंभर टक्के भरली म्हणजे सगळी गर्दी एकाच खोलीत कोंबलेली. त्या कोंडलेल्या अवस्थेत आतलं रसायन स्वस्थ बसत नाही. भिंतीवर एक थर धरत जातो, आणि त्या थरात लिथियम कायमचं अडकतं. उष्णता मिळाली की हे फार वेगाने होतं. दहा अंश वाढले की जवळजवळ दुप्पट. म्हणून रोज ऐंशीपर्यंतच भरायची. वीसच्या खाली जाऊ द्यायची नाही. गाडी चालवून आलीस की लगेच लावायची नाही, तासभर निवू द्यायची. आणि आठ दिवस गाडी चालवणार नसशील तर अर्धी भरून सावलीत, गार जागी ठेवायची.

ती स्कूटर तिने नऊ वर्षं वापरली होती.

"मी रोज खणात बॅटरी ठेवताना ऐंशीचं बटण दाबत होते," प्रणिता म्हणाली. "दोन वर्षं. एक दिवस चुकला नाही. आणि ते तुमचं कपाट दुपारी दोनपर्यंत तिला शंभर करून ठेवायचं. शेचाळीस डिग्रीत, पत्र्याखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत ती तशीच. मी खानझोडे डॉक्टरांना दोनदा लिहून दिलं. ते म्हणाले, करारात आहे, सकाळी प्रत्येक गाडी शंभर टक्के भरलेली पाहिजे. मला रोज पंचेचाळीस किलोमीटर जायचं असते. ऐंशीत आरामात होते. शंभर कोणाले पाहिजे होते?"

निखिलेशने चष्मा काढून पुसला. "करारात एकशेदहा किलोमीटर पल्ल्याची हमी आहे. ती शंभरलाच मिळते. आणि सौरवीज दुपारी जास्त असते, म्हणून कपाट तेव्हाच भरून घेतं. कपाटाला तसा आदेश वरून जातो."

"वरून म्हणजे तुझ्याकडून."

"माझ्या विभागाकडून."

"तो आदेश साक्षीत लिहिलेला असते का?"

त्याने तिच्याकडे न पाहता चष्मा पुन्हा चढवला. तेवढ्यावरून तिला कळलं.

"असतो," तो शेवटी म्हणाला. "तू ऐंशी दाबलंस ते असतं, कपाटाने ते रद्द केलं ते असतं. पण तो भाग मोहोरबंद असतो. कंपनीची मालमत्ता. मला तो बाहेर काढता येत नाही, ताई. माझी नोकरी तर जाईलच, वर खटला होईल."

"आणि अहवालात जबाबदार म्हणून कोणाकोणाचं नाव येऊ शकते?"

"वापरकर्ता. किंवा उत्पादनातला दोष."

"बस?"

"आम्ही... तेवढेच दोन पर्याय ठेवलेत."

"तू ठेवलेस. आम्ही नको म्हणू." प्रणिता उठून उभी राहिली होती. "एक बाई मेली, निखिल. तेवीस वर्षांची. मी तिच्या दारात पोचले तेव्हा तिचे पाय अजून गरम होते. आणि तू माझ्या घरी बसून मला सांगून राहिला की चूक मान्य कर. जा तू. हॉटेलात जा."

तो गेला. ताट वाढून झाकून ठेवलं होतं, ते तिने शेजारच्या गाईला घातलं.

*

राग कमी झाला नव्हता, पण डोकं चालत होतं. संध्याकाळी पाचला ती सरोज मेश्रामच्या घरी गेली.

सरोज बारा जणींतली सगळ्यात हट्टी. तिचं घर केंद्रापासून चौदा किलोमीटरवर, म्हणून ती दुपारी बॅटरी जमा करायला केंद्रावर येतच नसे. फेरी संपली की सरळ घरी. 'बॅटरी कपाटात जमा केली नाही' म्हणून संस्थेने तिला तीन मेमो दिले होते. तिने ते तिन्ही दळणाच्या डब्याखाली अंथरले होते.

"तू बॅटरी कशी भरतेस?" प्रणिताने विचारलं.

"कशी म्हणजे? आल्यावर मागच्या खोलीत ठेवते. तिथं गार असते. निवली की साध्या चार्जरला लावते. टायमर लावलेला आहे, ऐंशीच्या आसपास बंद होते. लग्नाला गेली होती तेव्हा अर्धी करून ठेवून गेली. तूच तर सांगितलं होतं न, पहिल्या वर्षी."

"तुझी गाडी वडगाट्याचा चढ चढते?"

"दोघी बसलो तरी चढते. काऊन?"

प्रणिताने मनात हिशेब केला. बारा बॅटऱ्या एकाच दिवशी आल्या होत्या, एकाच कारखान्यातून. अकरा कपाटात राहिल्या. एक घरी राहिली.

"आत्ताच सगळ्यांना फोन कर," ती म्हणाली. "उद्या सगळ्यांनी आपली बॅटरी घेऊन चौकशीला यायचं."

*

चौकशी संस्थेच्या सभागृहात होती. संचालक डॉ. खानझोडे मध्ये, त्यांच्या एका बाजूला संस्थेचे वकील, दुसऱ्या बाजूला शतज्योतचे व्यवस्थापक लाटकर. निखिलेश कोपऱ्यात, समोर लॅपटॉप आणि बॅटरीची तब्येत मोजण्याचं यंत्र. रोशनीच्या घरच्यांना बोलावलंच नव्हतं.

लाटकरांनी अहवाल वाचला. आवाज मवाळ होता. सिस्टरांच्या सेवेबद्दल आम्हाला आदरच आहे, पण साक्षीची नोंद स्पष्ट आहे, वगैरे.

तेवढ्यात दार उघडलं आणि अकरा बायका आत आल्या. प्रत्येकीच्या हातात आठ किलोची बॅटरी. त्यांनी त्या एकेक करून खानझोडे यांच्या टेबलावर ठेवल्या. प्रणिताची बॅटरी तिथे आधीच होती.

"हे काय चाललंय?" खानझोडे उठले. "सिस्टर, या सगळ्या ड्यूटीवर पाहिजेत!"

"ड्यूटीवरच आहेत," प्रणिता म्हणाली. "साहेब, माझ्या निष्काळजीपणाने माझी बॅटरी खराब झाली म्हणता न? मग बाकीच्यांच्याही मोजा. यंत्र इथंच आहे. मोजणाराही आहे."

लाटकर म्हणाले, "याचा या प्रकरणाशी संबंध नाही."

"नाही कसा? ह्याच गाड्या घेऊन आम्ही उद्या कोणाच्या तरी दारात जाणार आहोत. मोजा!"

तिचा आवाज सभागृहाच्या पत्र्याला लागून परत आला. मागे एक बाई "मोजा" म्हणाली, मग दुसरी. खानझोड्यांनी निखिलेशकडे पाहिलं आणि मान हलवली.

निखिलेशने पहिल्या बॅटरीला तारा लावल्या. यंत्र बॅटरीवर क्षणभर मोठा भार टाकून ती किती दबते ते पाहतं. म्हातारी बॅटरी आरामात बसलेली असताना पडद्यावर चांगला आकडा दाखवते, पण चढावर जोर लागला की तिचा विद्युतदाब एकदम कोसळतो आणि गाडी स्वतःला बंद करून घेते. वडगाट्याला अडतीस टक्क्यांवर झालं ते हेच. यंत्रावर उरलेलं आयुष्य दिसतं.

"मोठ्याने वाच," प्रणिता म्हणाली.

"चोपन्न टक्के," निखिलेश म्हणाला. पुढची. "सत्तावन्न." पुढची. "बावन्न." त्याचा आवाज प्रत्येक आकड्याबरोबर खाली जात होता. "पंचावन्न. त्रेपन्न." बाकीच्याही पन्नाशीतच. प्रणिताची एकावन्न होती. शेवटी सरोजची.

तो थांबला. त्याने तारा काढून पुन्हा लावल्या.

"एक्क्याण्णव."

प्रणिताने सरोजच्या बॅटरीवर हात ठेवला.

"ही बॅटरी कपाटात कधीच गेली नाही," प्रणिता म्हणाली. "हिला तुम्ही तीन मेमो दिले. ज्या अकराजणींनी तुमचं ऐकलं, त्यांच्या बॅटऱ्या तुमच्या कपाटाने दोन उन्हाळ्यांत म्हाताऱ्या केल्या. अकराजणी एकाच वेळी, एकसारख्या निष्काळजी कशा होतील? आता त्यांना विचारा." तिने भावाकडे बोट केलं. "कपाट आमचं बटण रद्द करते की नाही, विचारा."

लाटकर घाईने म्हणाले, "गेडाम, तुम्ही उत्तर द्यायला बांधील नाही."

निखिलेश टेबलावरच्या बारा बॅटऱ्यांकडे पाहत होता. "करतं," तो म्हणाला. "वापरकर्त्याने काहीही दाबलं तरी कपाट शंभरला नेतं. आदेश आमचा आहे."

*

तासाभरात निर्णय आला. प्रणितावरचे आरोप मागे. सरोजचे मेमो रद्द. अंतिम अहवालात रोशनीच्या मृत्यूचं कारण 'तांत्रिक बिघाड' असं लिहिलं जाईल. कपाटांबाबत कंपनी एक अभ्यासगट नेमेल.

बायकांनी प्रणिताला मिठ्या मारल्या. खानझोड्यांनी तिच्यापुढे सहीसाठी कागद सरकवला आणि म्हणाले, "झालं, सिस्टर. सुटलात तुम्ही."

"मी अडकलीच कुठं होती?" ती म्हणाली. "तांत्रिक बिघाड म्हणजे काय, साहेब? मी लिहून दिलेलं पत्र कुठं आहे? दोनदा दिलं होतं. ते जोडा याच्यात."

"आता कशाला वाढवता?"

तिने सही केली नाही. बाहेर आली तर निखिलेश पायरीवर बसला होता. लाटकर गाडी घेऊन निघून गेले होते, त्याला न घेता.

"ताई," तो म्हणाला, "मी खरं बोललो न."

तो शाबासकीची वाट पाहत होता. अडतीस वर्षांचा माणूस. तिला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

"ऊठ," ती म्हणाली. "इथं खरं बोलून काय होते? इथं सगळ्यांना माहीतच होतं. चल, जिची पोर मेली तिला सांग."

सरोजने गाडी दिली. प्रणिता पुढे, निखिलेश मागे. वडगाट्याच्या चढावर तिने मुद्दाम वेग कमी केला नाही की वाढवला नाही. दोघांचं ओझं घेऊन गाडी एका सुरात वर चढली. रस्ता लांब होता. तिला ते पाच किलोमीटर पायाखाली आठवत होते.

शेवंताबाई अंगणात मोहाच्या सावलीला बसली होती. मांडीवर रोशनीचं मूल. प्रणिताने सांगितलं, "हा माझा भाऊ. त्याला तुमच्याशी बोलायचं आहे."

निखिलेश जमिनीवर बसला. आधी त्याने पुण्याच्या भाषेत सुरुवात केली, प्रणाली वगैरे. प्रणिता म्हणाली, "नीट सांग." मग त्याने नीट सांगितलं. बॅटरी सिस्टरांनी भरली होती. जास्तच भरली जात होती, आणि उन्हात ठेवली जात होती, ते मशीन करत होतं, आणि मशीनला तसं करायला मी सांगितलं होतं. मला माहीत होतं की त्याने बॅटरी लवकर म्हातारी होते. पण गाडी सकाळी पूर्ण भरलेली दिसली की लोकांना बरं वाटतं, म्हणून आम्ही ते तसंच ठेवलं. सिस्टरांची चूक नव्हती.

शेवंताबाईने सगळं ऐकलं. ती रडली नाही. तिने मुलाच्या तोंडावर बसलेली माशी हाकलली.

"मंग ते मशिनी बंद केल्या का आता?"

"नाही," निखिलेश म्हणाला. "कंपनी अभ्यासगट..."

"किती आहेत तशा?"

"राज्यात साडेतीन हजार कपाटं आहेत."

"आज दुपारी बी भरून राहिल्या असतील?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन वाजत होते. "हो."

"मंग तू इथं कायले आला?" शेवंताबाई ओरडली. मूल दचकून रडायला लागलं. "माह्यापाशी रडाले आला? माही पोर मेली, आन् मशिनी चालूच! तुले बंद करता येते का नाही, थे सांग!"

निखिलेशने प्रणिताकडे पाहिलं. मदत करायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

"येतं," तो म्हणाला.

आगीचा धोका असेल तर कपाटांचं चार्जिंग एका मर्यादेवर रोखायचा एक सुरक्षा-आदेश होता. तो द्यायचा अधिकार मुख्य अभियंत्याला एकट्याला होता. जीविताला धोका, एवढं कारण पुरे. एकदा दिला की तो मागे घ्यायला कंपनीच्या संचालकाला स्वतःच्या सहीने लेखी कारण द्यावं लागे. आजवर तो कोणी वापरला नव्हता.

त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. शेवंताबाईच्या अंगणात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवला. ओळी लिहायला चार मिनिटं लागली. कारणाच्या जागी त्याने 'रोशनी आत्राम, वय तेवीस' असं लिहिलं. मर्यादा ऐंशी. तापमान पस्तीसच्या वर असेल तर चार्जिंग बंद. सगळी कपाटं.

त्याचं बोट बटणावर थांबलं. "ताई, यानंतर मी कुठेच..."

"दाब," प्रणिता म्हणाली.

त्याने दाबलं.

दहा मिनिटांत कंपनीचे फोन सुरू झाले. त्याने पहिला उचलला नाही, दुसरा उचलला नाही, मग फोन जमिनीवर पालथा ठेवून दिला. शेवंताबाई मुलाला घेऊन आत गेली. तिने त्याला बस म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. प्रणितालाही त्याच्याबद्दल काही वाटत नव्हतं. दया नाही, अभिमान नाही. राग मात्र होता तेवढाच होता.

मग तिचा फोन वाजला. डॉ. खानझोडे होते.

"सिस्टर, इथे कपाट बंद पडलंय! सगळ्या बॅटऱ्या मध्येच थांबल्यात. काय चाललंय?"

"थांबल्या नाहीत, साहेब," प्रणिता म्हणाली. "थांबवल्यात."

"कोणी?"

"आम्ही," ती म्हणाली. "लिहून घ्या. नावं सांगते."